हातचा

मुलांनो, आज आपण एक छोटे गणित करू या. वही आणि पेन्सिल बाजूला ठेवा. ४७ ला ६ ने गुणा. पण मनातल्या मनात.

तुम्ही काय केले? सात सक बेचाळीस. दोन मांडले, हातचे चार. मग चार सक चोवीस. चोवीस आणि हातचे चार, अठ्ठावीस. उत्तर आले २८२. आता सांगा, 'चार सक किती' हे आठवत असताना तो दोन आणि हातचे चार तुम्ही कोठे ठेवले होते? कागदावर नाही, फळ्यावरही नाही. ते तुम्ही मनात धरून ठेवले होते. उर्दूत आपण हातच्याला 'हासिल' म्हणतो. हासिल म्हणजे मिळालेले. हातचा म्हणजे हातात धरलेले. मला येथे मराठी शब्द जास्त आवडतो, कारण हातात धरलेली वस्तू सुटूही शकते.

मनाच्या या हाताला मानसशास्त्रात 'कार्यरत स्मृती' म्हणतात. एखादे काम चालू असताना त्याला लागणारी माहिती थोडा वेळ धरून ठेवणे आणि तिच्यावर काम करणे, हे तिचे काम. १९७४ साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिची रचना मांडली. त्यांनी सांगितले, की तिचा एक भाग ऐकलेले शब्द मनात पुटपुटत राहतो. दुसरा भाग पाहिलेली चित्रे आणि जागा धरून ठेवतो. तिसरा भाग मुकादमासारखा असतो. लक्ष कोठे द्यायचे आणि कोठे नाही, हे तो ठरवतो.

हा हात फार मोठा नाही. जॉर्ज मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली लिहिले, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी लक्षात ठेवू शकतो. कोणी पाच, तर कोणी नऊ. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी दाखवले, की काही युक्ती केली नाही, तर हा आकडा चारच्या आसपासच राहतो. ही युक्ती कोणती? १८५७१९४७१९६० हे बारा आकडे एकदाच वाचून पाठ म्हणून दाखवा. जमत नाही ना? आता असे वाचा : १८५७, १९४७, १९६०. स्वातंत्र्ययुद्ध, स्वातंत्र्य आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना! बारा आकड्यांच्या तीनच गोष्टी झाल्या. हात तेवढाच राहिला, फक्त गाठोडी नीट बांधली गेली.

वय वाढते तसा हा हात मोठा होतो. चौदा-पंधरा वर्षांपर्यंत ही वाढ चालू असते. पण एका वर्गातील सर्व मुलांचे हात सारखे नसतात. इंग्लंडमधील सुसान गॅदरकोल यांनी शाळांतील मुलांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे असे, की सात-आठ वर्षांच्या तीस मुलांचा वर्ग घेतला, तर त्यात निदान तीन मुलांची कार्यरत स्मृती चार वर्षांच्या मुलाएवढी असते आणि दुसऱ्या तिघांची अकरा वर्षांच्या मुलाएवढी! बाक एक, पुस्तक एक, शिक्षक एक. आणि फरक मात्र सात वर्षांचा.

असा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. शिक्षक म्हणतात, "पुस्तक काढा, बेचाळीसावे पान उघडा, तिसरा उतारा वाचा, कठीण शब्दांखाली रेघ मारा आणि ते शब्द वहीत लिहा." सारा वर्ग कामाला लागतो. हा मुलगा पुस्तक काढतो, पान उघडतो आणि थांबतो. पुढचे त्याच्या हातून सुटलेले असते. तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. मग त्याला ओरडा बसतो, "लक्ष कोठे आहे तुझे?" फळ्यावरचे उतरून घेताना त्याची एक ओळ गळते. निबंधाचे वाक्य सुरू करतो आणि अर्ध्यावर येईपर्यंत काय लिहायचे होते तेच विसरतो. घरी अम्मीने दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या, तर तो दोनच आणतो. सगळे त्याला आळशी म्हणतात. काही जण 'ढ' म्हणतात. काही दिवसांनी तोही स्वतःला 'ढ' समजू लागतो आणि हात वर करणे सोडून देतो. मला वाटते, खरे नुकसान येथे होते. शाळा सोडण्याची तयारी येथूनच सुरू होते.

आता तुमचेच उदाहरण घ्या. हीच सूचना उर्दूत दिली, तर तुम्हांला सोपी वाटते. मराठीत दिली, तर निम्मा हात शब्दांचा अर्थ लावण्यातच भरून जातो. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. उर्दूत जबर, जेर, पेश बहुधा लिहीत नाहीत. मराठीत प्रत्येक काना-मात्रा वाचावी लागते. त्यात आपल्याला नवे असणारे 'ण' आणि 'ळ'. एकेक अक्षर जुळवत वाचणारा मुलगा क्रियापदापर्यंत पोहोचतो, तेव्हा वाक्याची सुरुवात निसटून गेलेली असते. म्हणून दुसऱ्या भाषेत हळू वाचणारा मुलगा मंदबुद्धीचा आहे, असे कधीही समजू नये.

काही जण विचारतील, "ज्याला तीन सूचना लक्षात राहत नाहीत, त्याला धडा कसा पाठ होणार?" पण पाठांतर ही निराळी गोष्ट आहे. पाठ झालेली गोष्ट हातात नसते, ती कोठारात असते. हिफ्ज करणारी मुले आठवा. ती रोज थोडा नवा सबक घेतात. त्याबरोबर अलीकडचा भाग ऐकवतात आणि जुना आमोख्ताही म्हणतात. एका वेळी थोडेच उचलायचे आणि पुन्हापुन्हा कोठारात ठेवायचे. अशा रीतीने हळूहळू तीसही पारे पाठ होतात. हात लहान असला, तरी कोठार भरता येते; फक्त फेऱ्या जास्त माराव्या लागतात.

पाढे पाठ करायचे तेही यासाठीच. 'सात सक' किती हे ज्याला बोटे मोजून काढावे लागते, त्याचा हात त्यातच गुंततो आणि हातचा खाली पडतो. पाढा पाठ असला, की हात रिकामा राहतो. हातचा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, त्यात लाज कसली? वाचताना ओळीखाली पट्टी धरावी. शिक्षकांनी सूचना एकेक द्यावी किंवा फळ्यावर लिहावी. शेजारी बसणाऱ्याने हळूच "तिसरा उतारा" एवढे सांगितले, तरी पुष्कळ काम होते. भीतीने मात्र उलटे होते. मनात काळजी असली, की तीच अर्धा हात अडवून बसते. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे, दोन्हींवर बंदी घातली आहे. परीक्षा जवळ आली, की स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती दिसू लागतात. त्यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा वेळेवर झोपलेले बरे.

प्रत्येक मुलाची अडचण हीच असते, असे नाही. कोणाला कमी ऐकू येते, कोणाला फळा दिसत नाही. म्हणून आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. काही मुलांना मात्र बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित फार अवघड जाते. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटातील ईशान असाच होता. याला अध्ययन-अक्षमता म्हणतात. अशा पुष्कळ मुलांची कार्यरत स्मृतीही कमी असते. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अशा मुलांसाठी सवलती सुरू केल्या. लेखी परीक्षेत जादा वेळ ही त्यांतली एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेचा समावेश झाला. सवलतीसाठी तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. मुंबईत शीव येथील महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होत आली आहे. पुष्कळ आईवडिलांना हे माहीत नसते. दहावीचा अर्ज भरण्याची वेळ आली, म्हणजे ते धावपळ करतात. शाळेत चौकशी त्याच्या आधी दोन वर्षे करावी.

शब्दार्थ
हातचा – हासिल. स्मृती – याददाश्त. सूचना – हिदायत. कोठार – गोदाम, जखीरा. सवलत – रिआयत. दाखला – सर्टिफिकेट. निसटणे – हातून सुटणे.

स्वाध्याय
१. 'हातचा' आणि 'कोठार' यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
२. दुसऱ्या भाषेतील सूचना लक्षात ठेवणे अवघड का जाते?
३. पाढे पाठ असल्याचा गणितात कोणता उपयोग होतो?
४. तुमच्या शिक्षकांनी दिलेली एखादी लांब सूचना मराठीत लिहा. नंतर तिची चार लहान वाक्ये करा.