शिट्टी वाजल्यानंतर

मने, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, शनिवारी मॅचला चाललोय, सगळी गँग." मी "मजा कर" म्हणून फोन ठेवला आणि मग रात्री दीडपर्यंत छताकडं बघत पडले. बोलण्याच्या ओघात एकाच मुलाचं नाव तू तीनदा घेतलंस, तेही माझ्या कानातून सुटलं नाही. म्हणून हे लिहितेय. आईला दाखवू नकोस.

आधीच सांगते, जाऊ नकोस असं म्हणायला मी बसलेली नाही. कोल्हापूरच्या पोरीला फुटबॉलला जाऊ नको म्हणणं म्हणजे पांढऱ्या रश्श्याला नको म्हणण्यासारखं. पाटाकडील-दिलबहार सामना असला की बाबा दुपारीच दुकानाचं शटर ओढायचे आणि आपण दोघी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. शेंगांची पुडी, हलगी, पेठेपेठेची पोरं. आणि एखाद्या सामन्यात वातावरण फिरलं, शिव्या आईबहिणींवर घसरल्या, कुठून तरी पाण्याची बाटली भिरभिरत आली, की बाबा काही न बोलता आपली मनगटं धरून उठायचे. त्यामुळं इकडं इंग्लंडातल्या लोकांनाच असली हुल्लड जमते, असं मी म्हणणार नाही. फरक एवढाच की तिकडं मनगट धरायला बाबा होते. इकडं तुझं मनगट तुझ्याच हातात आहे.

इथली पद्धत आधी समजून घे. पुरुषांच्या मोठ्या लीगच्या सामन्यात बिअरचा ग्लास घेऊन सीटवर बसता येत नाही. मैदान दिसतं तिथं दारू प्यायची नाही, असा १९८५ चा कायदा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटसच्या सामन्याआधी गर्दी उसळली, भिंत कोसळली आणि ३९ माणसं गेली. इंग्लिश प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीनं तेव्हा कळस गाठला होता. पण कायद्यानं ग्लास काढून घेतला, तहान नाही. मग काय होतं? तीनच्या मॅचसाठी लोक अकराला पबमध्ये. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत रांगेत उभं राहून दोन ग्लास घशाखाली. दारू पिऊन तर्र अवस्थेत आत शिरणं हासुद्धा गुन्हा आहे, पण हजारोंच्या लोंढ्यात कोण किती प्यालंय हे दारावरचा माणूस किती तपासणार?

हे टोकाला गेलं की काय होतं ते ११ जुलै २०२१ ला जगानं पाहिलं. वेम्बलीवर युरोची फायनल, इंग्लंड विरुद्ध इटली, मॅच रात्री आठला. लोक सकाळपासून पीत होते. लुईस केसी यांनी नंतर चौकशी करून अहवाल दिला, त्यात आहे की सुमारे दोन हजार माणसं तिकिटाशिवाय आत घुसली. कुठून, तर अपंगांसाठीच्या फाटकांतून आणि आपत्कालीन दारांतून. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी दार उघडायचं आणि त्याच्या पाठीमागून ही झुंड आत. मला त्या अहवालातलं हेच सगळ्यात जास्त लागलं. पेनल्टीवर इंग्लंड हरलं. चुकलेले तिघे, रॅशफर्ड, सँचो आणि साका, तिघेही काळे. साका तर तेव्हा एकोणीस वर्षांचा, तुझ्याहून लहान. रात्रीतून त्यांच्यावर जी घाण ओतली गेली ती मी इथं लिहिणार नाही.

आणि वर्षभरानं, ३१ जुलै २०२२ ला, त्याच वेम्बलीवर बायकांच्या युरोची फायनल. ८७,१९२ माणसं. मी होते तिथं, तुझा भाचा कडेवर. इंग्लंडनं जर्मनीला २-१ नं हरवलं. आजूबाजूला बिअरचे ग्लास होते, आरडाओरडा होता, रडणंही होतं, पण मला एकदाही मागं वळून बघावंसं वाटलं नाही. म्हणजे दोष फुटबॉलचा नाही, गर्दीचाही नाही. म्हणून तू जा, फक्त काही गोष्टी गाठीला बांध.

पहिल्यांदा जातेयस तर जरा शांत स्टँडचं तिकीट बघ. पाहुण्या संघाच्या कोपऱ्यात बसायची हौस नंतर भागव. मागून कोणी घाणेरडं बोललं तर वळून उत्तर देऊ नकोस. मला माहितीय तुझी जीभ. पण प्यालेल्या माणसाशी वाद घालून कोणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. सीटचा नंबर लक्षात ठेव, ऊठ आणि स्ट्युअर्डला, म्हणजे स्टेडियमच्या कर्मचाऱ्याला, सांग. पुष्कळ क्लब तक्रारीसाठी एक मेसेजचा नंबरही देतात, तो आत शिरल्या शिरल्या फोनमध्ये घाल. वंशावरून काही ऐकलंस तर 'किक इट आउट' संस्थेकडं नोंदव. वांशिक घोषणा देणं १९९१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. कोर्टानं बंदी घातली तर माणूस तीन ते दहा वर्षं स्टेडियमची पायरी चढू शकत नाही. परतीच्या ट्रेनमध्ये त्रास झाला तर ६१०१६ वर मेसेज कर, रेल्वे पोलीस वाचतात. बोलायचं नाही, फोन कानाला लावायचा नाही, नुसतं टाइप करायचं. मॅच संपल्यावर पहिल्या गाडीला धावू नकोस, एक कॉफी पी आणि पुढची पकड.

घाणेरडं बोलणाऱ्या माणसाला अडवलं की तो एक शब्द तोंडावर फेकतो, 'बँटर'. आपल्याकडं म्हणतात ना, "चेष्टा केली ओ, एवढं काय मनावर घेता," तसंच. मने, चेष्टा असती तर ती त्यानं सोमवारी ऑफिसात, शुद्धीत, समोर उभं राहून केली असती.

आता माझंही ऐक. इकडं आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी एका मॅचला गेले होते. सगळा स्टँड एक गाणं म्हणत होता, चाल इतकी झकास की मीही टाळ्या वाजवत गळा काढला. इंग्रजी अजून नीट कानात बसलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर एकेक शब्द सुटा होत गेला, तेव्हा कळलं की ते समोरच्या खेळाडूच्या बायकोवर होतं. मी एक थेंबही प्याले नव्हते, मने. नशा गर्दीचीही चढते. म्हणून मी कोणाला जन्मतः राक्षस म्हणत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. तुझ्या भावजींच्या आधी एक होता. चांगला होता, खरंच. माझ्यासाठी पोहे करायला शिकला होता. त्याच्यासोबत मी वर्षभर मॅच बघितल्या. स्टेडियममध्ये तो कधी वावगा वागला नाही. जे व्हायचं ते शिट्टी वाजल्यानंतर. एकदा परतीच्या ट्रेनमध्ये, चार-पाच ग्लास पोटात, तो डबा झाडणाऱ्या आपल्याकडच्याच दिसणाऱ्या एका मावशींना काहीतरी बोलला. मित्र हसले. मी "गप" म्हटलं तर तेच माझ्याकडं वळलं, तेच शब्द. त्या मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा झाडू लागल्या. ती नजर अजून आहे माझ्याजवळ. सकाळी त्यानं चहा करून आणला आणि म्हणाला, "मी नाही, ती दारू बोलत होती." मी चहा घेतला. तो चहा आणखी सात महिने घेत राहिले, हे सांगायला लाज वाटते.

पुढं मी पाहुण्या पोरींना सांगायला लागले, की मुलगा पारखायचा असेल तर त्याची टीम हरताना बघा. मोठी शहाणी! मग अभ्यास वाचनात आले आणि माझा शहाणपणा जरा उतरला. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२, २००६ आणि २०१० च्या वर्ल्ड कपच्या काळातल्या लँकेशायर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरातल्या मारहाणीच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या. पण जिंकलं किंवा बरोबरी झाली तेव्हाही २६ टक्क्यांनी! २०२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी ग्रेटर मँचेस्टरच्या नोंदी पाहिल्या. मॅच चालू असताना तक्रारी उलट कमी होतात, कारण लोक टीव्हीसमोर असतात. त्यानंतर त्या तासातासानं चढत जातात आणि दहा-बारा तासांनी शिखर गाठतात. वाढ मुख्यतः प्यालेल्यांची, आणि विशेषतः मॅच लवकर सुरू होऊन प्यायला अख्खा दिवस मिळाला तेव्हाची. टीम हरली की जिंकली यानं फारसा फरक पडत नाही.

म्हणजे स्टेडियममधली शिवी तुला ऐकू येते, कारण ती मोठ्यानं दिलेली असते. रात्री दोनला कुठल्या तरी स्वयंपाकघरात दिलेली कोणालाच ऐकू येत नाही. दोन्ही देणारा एकच असू शकतो.

म्हणून शनिवारी गोल कोण मारतो ते मनापासून बघ. पण मॅच संपल्यावर थोडी त्या मुलावरही नजर ठेव. तिसऱ्या ग्लासनंतर तो चौथा मागवताना तुझ्याकडं बघतो का? मित्र कोणावर हसले तर तोही हसतो, की खाली मान घालतो, की "बास रे" म्हणतो? ट्रेनमध्ये झाडणाऱ्या बाईसाठी पाय उचलतो का? यातलं काहीच घडलं नाही आणि तो नुसता ऑफसाइडवर बडबडत तुला दारापर्यंत सोडून गेला, तर मला खूप आनंद होईल. मग त्याला घेऊन ये, मी तांबडा रस्सा करते, तिखट सोसतो का तेही कळेल.

आणि काही खुपलंच, तर एकदा खुपलं तेव्हाच सांग. चहा येईपर्यंत थांबू नकोस.

रविवारी सकाळी फोन कर. स्कोअर मला कळलेलाच असेल. त्यानंतरचं सांग.

तुझी,
ताई