आपण अद्याप पापी, की पवित्र जन?

वाचावयाचे शास्त्रभाग : १ करिंथ १:१-९ व ६:९-११, लूक १८:९-१४, १ तीमथ्य १:१२-१६, १ योहान १:५ ते २:२.



मोहर्ली हे ताडोबाच्या जंगलाचे एक प्रवेशद्वार आहे. येथील फाटकावर येणाऱ्याचे नाव विचारतात, ओळखपत्र पाहतात आणि मगच त्यास आत सोडतात. देवाच्या मंडळीत प्रवेश करणाऱ्याने आपले नाव काय सांगावे, हाच ह्या पाठाचा प्रश्न आहे. ख्रिस्ताने ज्यास क्षमा केली त्याने स्वतःस अद्याप पापी म्हणावे काय? की ते नाव बाप्तिस्म्याच्या पाण्यातच राहिले?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. काही काळापूर्वी मोहर्लीत एका घरी आम्ही प्रार्थनेस जमलो होतो. तेथे एक वृद्ध भगिनी होत्या. बाप्तिस्मा होऊन अनेक वर्षे लोटली, तरी त्या प्रभुभोजन घेत नसत. कारण विचारता त्या म्हणाल्या, "मी पापीन आहो जी. त्या भाकरीले माहा हात कसा लागन?" आम्ही विचारले, "आजी, कोणते पाप तुमच्या मनास खाते?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही आज्ञेच्या उल्लंघनाचे नव्हते. लहानपणी विहिरीजवळ गेल्या असता "दूर हो, बाटवशील" असे त्यांस कोणी म्हटले होते. आम्ही उपदेशपीठावरून "पापी" म्हणत होतो, आणि त्या तोच विहिरीवरचा शब्द ऐकत होत्या.

त्याच बैठकीत एक तरुण बंधू होते. मोहाची दारू पिऊन ते घरात मारहाण करीत, हे सर्व गावास ठाऊक होते. कबुलीची प्रार्थना सुरू होताच ते म्हणाले, "पाळकसाहेब, मी ख्रिस्तात पवित्र झालो. मी पापी नाही, मग कबुली कशाची?" त्यांची पत्नी खाली मान घालून बसली होती.

एकीने पापी हे नाव धरून कृपेचे मेज सोडले; दुसऱ्याने पवित्र हे नाव धरून पश्चात्ताप सोडला. आता शास्त्र काय शिकविते ते क्रमाने पाहू.

१. पत्रांत विश्वासणाऱ्यांस कोणते नाव आहे?

पौल आपल्या पत्रांच्या आरंभी मंडळ्यांस पापी असे संबोधीत नाही. रोम, करिंथ, इफिस व फिलिप्पै येथील बंधूंस तो पवित्र जन म्हणतो. करिंथची मंडळी कशी होती ते ध्यानात घ्या. तेथे तट पडले होते, भाऊ भावास न्यायालयात ओढीत होता, जारकर्म चालले होते आणि प्रभुभोजनाच्या वेळी गरीब उपाशी राहत असता दुसरे धुंद होत असत. अशा मंडळीस पौल प्रथम पवित्र म्हणतो, आणि मग तिचा एकेक दोष उघड करितो. सहाव्या अध्यायात पापांची यादी देऊन तो म्हणतो की, तुमच्यापैकी कित्येक असे होते. परंतु तुम्ही धुतलेले आहा. यादी भूतकाळात आहे, धुणे पूर्ण झाले आहे.

ह्यावरून पवित्र हे नाव आपल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे, हे उघड होते. ते प्रभूने आपल्यास आपले म्हणून वेगळे केल्याची खूण आहे. म्हणूनच ते नाव मिरविण्यास नव्हे, तर त्यास साजेसे चालण्यास दिले आहे.

२. मग पौल स्वतःस पापी का म्हणतो?

तीमथ्यास लिहिताना तो स्वतःस पापी जनांत मुख्य म्हणतो, आणि तेथे "होतो" असे न म्हणता "आहे" असे म्हणतो. ह्याच वचनाचा काहीजण आधार घेतात. परंतु मागचीपुढची वचने वाचा. आपण पूर्वी निंदक व छळ करणारा होतो, हे तो तेराव्या वचनात सांगतो. आणि सोळाव्यात, आपल्यावर दया झाली ती पुढे विश्वास ठेवणाऱ्यांस उदाहरण व्हावी म्हणून, असे म्हणतो. त्याने आपले पाप विसरले नाही, तसेच त्या पापाच्या ओझ्याने तो बसूनही राहिला नाही. स्वतःस पापी म्हणत म्हणतच त्याने ख्रिस्ताची थोरवी सांगितली.

योहानही दोन्ही बाजू धरितो. आम्हांमध्ये पाप नाही असे म्हणणारा स्वतःस फसवितो, असे तो पहिल्या अध्यायात लिहितो. आणि तिसऱ्यात, देवापासून जन्मलेला पापात चालत राहत नाही, असे शिकवितो. पाप घडणे निराळे आणि पापात घर करून राहणे निराळे. दारू पिऊन मारणारा व मी पवित्र म्हणणारा बंधू पहिल्या वचनाने दोषी ठरतो. पश्चात्ताप करूनही मेजापासून दूर राहणारी भगिनी दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीचे वचन विसरते, की पित्याजवळ आपला कैवारी आहे.

३. पाप आणि जन्म

येथे आम्हां पाळकांस सावधगिरी पाहिजे. शास्त्रात पाप मानवजातीच्या मुळाशी आहे असे सांगितले आहे खरे. परंतु ते सर्व मानवजातीविषयी आहे. रोमकरांस पत्र ३:२३ मध्ये कोणी वगळला नाही. पुरोहित व झाडूवाला, पाटील व पारधी, ह्यांची त्यात एकच रांग आहे. विटाळाची कल्पना मात्र काही कुळांस खाली व काहींस वर ठेविते. ही दोन शिकवणी एकमेकींच्या वैरिणी आहेत. जो उपदेशक त्यांचा घोटाळा होऊ देतो, तो अजाणता विहिरीवरच्या शब्दासच शास्त्राचा आधार देतो.

जन्मावरून दिलेले नाव किती जड असते हे आपल्या देशाने पाहिले आहे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींच्या माथी गुन्हेगारीचा शिक्का मारिला. मुलाने काही केलेले नसताही तो गुन्हेगार जमातीचा ठरे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या लोकांस विमुक्त हे नाव मिळाले. कायदा गेला तरी गावचा संशय लगेच गेला नाही. तसेच १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच चंद्रपुरात, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांच्या हस्ते असंख्य लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन जन्माने लादलेले नाव टाकून दिले. त्यांचा मार्ग आपला नव्हे. तथापि ज्या ओझ्याखालून ते उठले ते ओझे आपल्या मंडळीत पुन्हा कोणाच्या खांद्यावर तर ठेविले जात नाही ना, हे आपण तपासावे.

४. पूर्वीच्या विश्वासणाऱ्यांची साक्ष

मार्टिन ल्यूथरने १५१५-१६ मध्ये रोमकरांस पत्रावर व्याख्याने देताना एका रोग्याचा दृष्टान्त घेतला. वैद्याने बरे करण्याचे वचन दिले आहे, रोगी त्यावर भरवसा ठेवून औषध घेतो. तो अद्याप आजारी आहे, तरी वैद्याच्या वचनात बरा आहे. असाच विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान व पापी आहे. जॉन वेस्लीने प्रीतीतील पूर्णतेवर अधिक भर दिला. परंतु पूर्णतेस पोहोचलेल्यासही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताची गरज राहतेच, असे त्यानेही शिकविले.

आपल्या महाराष्ट्रातील साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्यास उमगले की आपल्यास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तेव्हा त्यांनी आपले पापीपण ओळखले व तारणाऱ्यास धरिले. ह्या ओळखीने त्या खचल्या काय? मुळीच नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून निराधार मुली आणून केडगावास आश्रय दिला, आणि १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९०५ मध्ये मुक्तिसदनात जागृती झाली, तेव्हा मुली रडत पापे कबूल करीत होत्या, आणि त्याच मुली पुढे खेड्यांत सुवार्ता सांगण्यास निघाल्या. खरी कबुली मनुष्यास उठवून कामास लाविते.

५. तर मग काय म्हणावे?

पूर्व विदर्भातील वाचकांस धानाची बांधी ठाऊक आहे. रोवणी झाली की ती बांधी धानाची म्हटली जाते. तिच्यात गवत उगवते, तरी तिला कोणी गवताची बांधी म्हणत नाही. पण धानाची आहे म्हणून निंदण सोडणारा शेतकरीही कोणी पाहिला आहे काय? बांधी धानाची आहे म्हणूनच तो वाकून गवत उपटतो.

प्रभूने शिकविलेली प्रार्थना ह्याच क्रमाने जाते. तिचा पहिला शब्द पित्यास हाक मारण्याचा आहे. क्षमेची विनंती पुढे येते. आपण प्रथम लेकरे आहो आणि लेकरे म्हणून रोज क्षमा मागतो. जकातदाराची प्रार्थना आपण कधीही सोडू नये. परंतु तो नीतिमान ठरून घरी गेला, हेही विसरू नये. तो मंदिरातच छाती बडवीत राहिला असे प्रभूने सांगितले नाही.

ह्या कामी आमचाही दोष आहे. "आपण सारे पापी" असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो, आणि ते कोणाच्या कानी कसे पडते हे विचारले नाही. त्या आजींस आम्ही एवढेच सांगितले की, "विहिरीवर जे म्हटले गेले ते पाप म्हणणाऱ्याचे होते, तुमचे नव्हे. तुमच्या खऱ्या पापांची क्षमा झाली आहे. हे मेज तुमच्या पित्याचे आहे." पुढील प्रभुभोजनास त्या आल्या. भाकर घेताना त्यांचा हात कापत होता, पण तो पुढे आला होता. त्या तरुण बंधूंस मात्र आमचे बोलणे रुचले नाही, व ते अद्याप परत आले नाहीत. त्यांच्यासाठी व त्यांच्या पत्नीसाठी प्रार्थना करावी. आणि ती भगिनी सुरक्षित आहे की नाही हे पाहणे मंडळीचे कर्तव्य आहे, केवळ प्रार्थनेवर ते सोपवू नये.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. पौल करिंथच्या मंडळीस प्रथम कोणते नाव देतो, व दोष केव्हा दाखवितो?
२. पाप व विटाळ ह्यांत भेद कोणता?
३. "मी पापी आहे" हे शब्द मनुष्यास केव्हा पश्चात्तापाकडे नेतात, व केव्हा आळसाचे किंवा भीतीचे निमित्त होतात?
४. आपल्या गावात प्रभूच्या मेजापासून कोण दूर राहतो? त्याच्या घरी ह्या आठवड्यात कोण जाईल?