जुन्या मशिनिंग सेंटरच्या जागी नवे : लघुउद्योगापुढील निवडीचा प्रश्न

बेंगळुरूच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी आज संगणक सॉफ्टवेअर उद्योगाचे केंद्र म्हणून ओळखली जाते. कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळ म्हणजेच 'किओनिक्स' या संस्थेने १९७८ साली कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर या वसाहतीची उभारणी केली, तेव्हा तिची कल्पना प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनासाठी होती. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमागे आजही उत्पादनाची ही बाजू जिवंत आहे. जवळच्या बोम्मसंद्र व जिगणी औद्योगिक वसाहतींत आणि पुढे तामिळनाडूतील होसूरपर्यंत सुटे भाग बनविणाऱ्या लहान यंत्रशाळांची साखळी पसरलेली आहे. वाहने, विमाने, वैद्यकीय उपकरणे आणि विद्युत साहित्य यांसाठी लागणारे धातूचे भाग या यंत्रशाळांत कंत्राटी पद्धतीने तयार होतात.

अशा यंत्रशाळेचा कणा म्हणजे मशिनिंग सेंटर होय. हे यंत्र जुने झाल्यावर काय करावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात त्यात भांडवल, कर्ज, रोजगार, कौशल्य आणि शासकीय धोरण हे सर्व घटक एकत्र येतात. लघुउद्योगाच्या अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्यांना म्हणूनच हा निर्णय उपयुक्त उदाहरण ठरतो.

पार्श्वभूमी

आकड्यांच्या साहाय्याने नियंत्रित होणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले. त्याच दशकाच्या अखेरीस हत्यारे आपोआप बदलणारे यंत्र तयार झाले. मिलिंग, ड्रिलिंग, बोअरिंग आणि आटे पाडणे ही कामे एकाच बांधणीत करणारे हे यंत्र म्हणजे मशिनिंग सेंटर. स्पिंडल उभा असल्यास ते 'व्हीएमसी' व आडवा असल्यास 'एचएमसी' म्हणून ओळखले जाते. लहान यंत्रशाळांत किमतीमुळे व्हीएमसीचाच वापर अधिक होतो.

यंत्रनिर्मितीची परंपरा कर्नाटकात जुनी आहे. किर्लोस्कर समूहाने १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या लेथ यंत्रांनी देशभरच्या कारखान्यांत स्थान मिळविले. १९५३ मध्ये बेंगळुरू येथे हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) हा सार्वजनिक उपक्रम व १९६२ मध्ये केंद्रीय यंत्रसामग्री संशोधन संस्था, म्हणजे आजची 'सीएमटीआय', सुरू झाली. संगणकीय नियंत्रक पुरविणाऱ्या फानुक या जपानी कंपनीचे भारतीय मुख्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीतच आहे. यंत्र, त्याचा नियंत्रक आणि दुरुस्तीचा जाणकार जवळपास उपलब्ध असणे ही या परिसराची मोठी जमेची बाजू होय.

बदल खरोखर आवश्यक आहे काय?

यंत्राचे वय हा बदलाचा पुरेसा निकष नाही. पहिली पायरी मोजणीची असते. अक्ष सांगितलेल्या जागी किती अचूक थांबतो आणि पुन्हा पुन्हा तेथेच येतो काय, याच्या चाचणीची पद्धत आयएसओ २३०-२ या मानकात दिलेली आहे. 'बॉलबार' या उपकरणाने यंत्राकडून वर्तुळ काढून घेतले असता बॉल स्क्रूमधील सैलपणा आणि अक्षांच्या काटकोनातील चूक काही मिनिटांत दिसून येते. स्पिंडलचे बेअरिंग झिजले असल्यास आवाज, कंप आणि उष्णता यांतून ते कळते.

या तपासणीनंतर तीन पर्याय समोर येतात. ओतीव सांगाडा व मार्ग सुस्थितीत असून केवळ नियंत्रक कालबाह्य झाला असेल, तर नवा नियंत्रक, मोटारी व बॉल स्क्रू बसवून यंत्राचे पुनरुज्जीवन करता येते. मार्गच झिजले असतील, तर असा खर्च सहसा वसूल होत नाही. दुसरा पर्याय वापरलेल्या यंत्राचा. त्याची किंमत कमी असते, परंतु चालते यंत्र पाहिल्याशिवाय व त्यावर चाचणीचा नग कापून मोजल्याशिवाय ते घेणे धोक्याचे ठरते. नियंत्रकाचे सुटे भाग अद्याप मिळतात काय, हेही आधी विचारावे लागते. तिसरा पर्याय अर्थातच नव्या यंत्राचा.

यंत्राची निवड : कामापासून यंत्राकडे

निवडीची सुरुवात यंत्राच्या माहितीपत्रकापासून न होता हातातील कामापासून व्हावी. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणते नग केले, त्यांचा धातू कोणता, माप किती, अचूकता किती आणि संख्या किती, याची यादी केल्यास निम्मा निर्णय तेथेच होतो.

स्पिंडलचे फेरे धातूवर अवलंबून असतात. कापण्याचा वेग मीटर प्रति मिनिट धरून त्याला १००० ने गुणावे आणि हत्याराचा मिलिमीटरमधील व्यास व पाय यांच्या गुणाकाराने भागावे, म्हणजे फेरे मिळतात. अ‍ॅल्युमिनियमवर १० मिलिमीटरचे कार्बाइड हत्यार ३०० मीटर वेगाने चालवायचे असल्यास मिनिटाला सुमारे ९,५५० फेरे लागतात. बिडावर ६३ मिलिमीटरचा कटर १५० मीटर वेगाने चालवायचा असल्यास सुमारे ७६० फेरे पुरतात, पण तेथे कमी फेऱ्यांत भरपूर पीळ म्हणजे टॉर्क लागतो. केवळ 'बारा हजार फेरे' हा आकडा पाहून घेतलेले यंत्र बिडाच्या कामात दुबळे ठरते, ते याच कारणाने. हलक्या, वेगवान कामाला बीटी-३० आणि जड कामाला बीटी-४० मापाचा स्पिंडल सामान्यतः योग्य ठरतो. मात्र जुन्या यंत्राची हत्यारधारके नव्या स्पिंडलला बसत नसतील, तर ती नव्याने घेण्याचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवावा लागतो.

टेबलाच्या मापाबरोबरच नग, फिक्श्चर आणि सर्वांत लांब हत्यार हे तिन्ही मावतील एवढी उंची स्पिंडल व टेबल यांच्यामध्ये हवी. फिरते टेबल म्हणजेच चौथा अक्ष बसविल्यास एकाच बांधणीत अनेक बाजू कापता येतात. दर नव्या बांधणीबरोबर थोडी चूक वाढत असल्याने बांधण्या कमी झाल्या की वेळही वाचतो आणि अचूकताही सुधारते.

नियंत्रक शक्यतो परिचित असावा. कामगाराला अवगत असलेली पद्धत आणि साठलेले प्रोग्राम ही यंत्रशाळेची न दिसणारी मालमत्ता असते. तसेच मंजूर वीजभार, संकुचित हवेची सोय, जमिनीची मजबुती आणि यंत्र आत नेण्याइतके दार यांची खातरजमा मागणी नोंदविण्यापूर्वीच झालेली बरी.

खर्चाचा हिशेब

खालील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत. जुन्या यंत्रावर एका नगास १२ मिनिटे लागतात. दोन पाळ्यांत, मोडतोडीमुळे, वर्षाला ३,२०० तासच काम होते. दुरुस्ती ३.५ लाख, वीज २.०५ लाख, दोन कामगारांचे वेतन ५ लाख व जागेचा खर्च १.४४ लाख मिळून सुमारे १२ लाख रुपये होतात. तासाचा दर ३७५ रुपये व नगाचा ७५ रुपये पडतो. शंभरातील चार नग बाद होत असल्यास चांगला नग ७८ रुपयांना पडतो.

नव्या यंत्राची किंमत ४० लाख, आयुष्य १० वर्षे व अखेरचे मूल्य ४ लाख धरल्यास घसारा वर्षाला ३.६ लाख होतो. सरासरी गुंतलेल्या २२ लाखांवर १० टक्क्यांनी व्याज २.२ लाख. दुरुस्ती १.२ लाख, वीज २.५६ लाख, वेतन ५ लाख व जागा १.४४ लाख मिळून एकूण १६ लाख. यंत्र ४,००० तास चालल्यास तासाचा दर ४०० रुपये, म्हणजे जुन्यापेक्षा अधिक. मात्र नगास ९ मिनिटेच लागत असल्याने आणि शंभरात एकच नग बाद होत असल्याने चांगला नग सुमारे ६१ रुपयांना पडतो.

आता काम एकाच पाळीपुरते असल्याचे समजू. तास, वेतन, वीज व दुरुस्ती निम्मी होते, परंतु घसारा, व्याज व जागेचा खर्च तेवढाच राहतो. अशा स्थितीत चांगला नग जुन्या यंत्रावर सुमारे ८७ रुपयांना, तर नव्यावर सुमारे ८८ रुपयांना पडतो. नव्या यंत्राचा सगळा लाभ नाहीसा होतो. यावरून, नवे यंत्र आपोआप स्वस्त उत्पादन देत नाही, पुरेशा मागणीसह चालविलेले यंत्रच ते देते, हे स्पष्ट होते. जुने यंत्र दोन पाळ्यांत वर्षाला १६,००० नग कापते. मागणी तेवढीच राहिली तर नवे यंत्र ते काम २,४०० तासांतच संपवील. उरलेल्या तासांसाठी काम कोठून आणणार, याचे उत्तर खरेदीआधी हाती हवे.

नफा वेगळा, रोकड वेगळी

किमतीच्या ८० टक्के म्हणजे ३२ लाखांचे कर्ज १० टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ६८ हजार, म्हणजे वर्षाला ८.१६ लाख होतो. वरील हिशेबात घसारा व व्याज मिळून ५.८ लाखच धरले होते. म्हणजे हिशेबाने फायद्यात असलेली यंत्रशाळाही पहिल्या पाच वर्षांत रोकडीअभावी अडचणीत येऊ शकते. त्यात ग्राहकाने देयक तीन-चार महिने थकविले, तर हप्ता चुकतो आणि वेतनही लांबते. चार-पाच कुटुंबांचा उदरनिर्वाह अशा वेळी एका देयकावर अवलंबून असतो.

धोरणात्मक चौकट

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देयक कमाल ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष रक्कम दिल्यावरच मिळेल, अशी तरतूद आयकरात केली. देयकांवर आगाऊ रक्कम मिळवून देणारी 'ट्रेड्स' ही व्यवस्थाही रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली चालते.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उपक्रम सूक्ष्म, तर अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटींपर्यंतचा उपक्रम लघु ठरतो. सूक्ष्म व लघु उपक्रमांना तारणाविना कर्ज मिळावे म्हणून २००० साली सुरू झालेल्या पतहमी न्यासाची मर्यादा त्याच तारखेपासून ५ कोटींवरून १० कोटी रुपये करण्यात आली. तंत्रज्ञान सुधारणेसाठी १ कोटीपर्यंतच्या गुंतवणुकीवर १५ टक्के अनुदान देणारी कर्जसंलग्न भांडवली अनुदान योजना मात्र २०२० मध्ये संपुष्टात आली.

अनुदान वा हमी यांमुळे भांडवलाचा भार हलका होतो, चुकीची निवड बरोबर होत नाही. हमी असली तरी कर्ज फेडावेच लागते.

बदलाचा क्रम

नवे यंत्र आल्याबरोबर जुने हलविणे इष्ट नसते. पुरवठादाराच्या कारखान्यात स्वतःचाच नग कापून घेणे, यंत्र बसविल्यावर तीच चाचणी यंत्र तापलेले असताना पुन्हा करणे, जुने प्रोग्राम धातूविना चालवून पाहणे आणि पहिल्या नगाला ग्राहकाची मान्यता मिळविणे, हा क्रम पाळल्यास पुरवठा खंडित होत नाही. कामगाराचे प्रशिक्षण हा खरेदीच्या कराराचाच भाग असावा. बेंगळुरूतील शासकीय टूल रूम व प्रशिक्षण केंद्र, तसेच महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूम अशा संस्था या कौशल्यांचे शिक्षण देतात.

भोसरी, चाकण किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातील यंत्रशाळांपुढेही हाच प्रश्न याच स्वरूपात उभा असतो. आधी कामाची यादी, मग यंत्राची मोजणी, त्यानंतर तासाचा हिशेब आणि शेवटी कर्ज, हा क्रम उलटा झाला की चांगले यंत्रही ओझे बनते. लघुउद्योगाची उत्पादकता वाढविण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट अशा हजारो छोट्या, नेमक्या निर्णयांवर उभे असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. यंत्राचा तासाचा दर अधिक असूनही नगाचा खर्च कमी कसा होऊ शकतो, हे उदाहरणासह स्पष्ट करा.
२. घसारा आणि कर्जाचा हप्ता यांतील फरकाचा लघुउद्योगाच्या रोकडीवर कोणता परिणाम होतो?
३. विलंबित देयकांचा प्रश्न सोडविण्यासाठी असलेल्या कायदेशीर तरतुदींचे मूल्यमापन करा.