शिथिलीकरण शिकायचंय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

संधिवात, मधुमेह, दमा, उच्च रक्तदाब. आजार वर्षानुवर्षं चालणारा असला की डॉक्टर कधी ना कधी म्हणतातच, "ताण कमी घ्या, जरा रिलॅक्स व्हायला शिका." चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, मात्रा असते, वेळ असते. रिलॅक्स व्हायला कुठे शिकायचं, कोणाकडे आणि कितीत, हे मात्र कुणी लिहून देत नाही. मग माणूस चौकातला फ्लेक्स वाचतो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक उघडतो आणि वर्षाचं पॅकेज घेऊन मोकळा होतो. औषधं, रक्ततपासण्या आणि डॉक्टरांची फी यांतच पेन्शन आटत असताना हा पैसा वाया जाणं परवडणारं नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. शिथिलीकरणाचं तंत्र जवळपास फुकट मिळतं. पैसे मोजायचे ते आपल्या आजाराप्रमाणे त्यात बदल करून देणाऱ्या जाणकारासाठी, आणि तेही मोजक्या भेटींपुरते.

प्रकार फार नाहीत. संथ श्वसन हा पहिला. शवासन आणि योगनिद्रा हा दुसरा. आज शिकवली जाते ती योगनिद्रेची पद्धत मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी रूढ केली. तिसरा म्हणजे एकेक स्नायू आवळून सोडण्याची पद्धत. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी ती १९२९च्या आपल्या पुस्तकात मांडली. चौथा सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम. जॉन काबाट-झिन यांनी तो १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला, आणि सुरुवातीला तिथे आलेले बरेचसे लोक जुनाट दुखण्याचेच रुग्ण होते. यांतल्या कशानेही संधिवात किंवा मधुमेह बरा होत नाही. झोप सुधारायला, दुखणं सोसायला आणि छातीतली धडधड कमी व्हायला मदत होते. दीर्घ आजारात तेवढी मदतही मोलाची असते.

जाणकाराची गरज कुठे पडते, ते संधिवाताच्या उदाहरणातून पाहा. जेकबसनच्या पद्धतीत मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळायची आणि मग वीस-तीस सेकंद सैल सोडायची असते. बोटांचे सांधे सुजलेले असताना मूठ आवळली, तर आराम बाजूलाच राहतो आणि दुखणं वाढतं. समजदार शिक्षक अशा वेळी आवळणं वगळतो. हात उशीवर टेकवायचा, तळहात वर, बोटं जशी वळली असतील तशीच राहू द्यायची आणि श्वास सोडताना फक्त "सैल" एवढंच मनात म्हणायचं. गुडघ्यांखाली गोधडीची गुंडाळी, मानेखाली पातळ घडी. जमिनीवरून उठणं जमत नसेल तर हेच पलंगावर किंवा हाताच्या खुर्चीत. वेळही महत्त्वाची. संधिवातात सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त राहतो, त्यामुळे सहाचा वर्ग कितीही स्वस्त असला तरी या रुग्णाच्या कामाचा नाही. असे बदल कुठल्याही व्हिडिओत सापडत नाहीत. ते समोर बसलेल्या माणसाकडूनच मिळतात.

आता फुकटच्या वाटा. आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे सरकारी उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत, योगसत्रं घेतली जातात आणि त्याला पैसे पडत नाहीत. वार आणि वेळ आशाताईंना विचारा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली समुपदेशन मिळतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. मन फारच खचलं असेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. ठाण्याच्या 'आयपीएच' या संस्थेच्या यूट्यूब वाहिनीवर मनाच्या आरोग्याविषयी मराठीत भरपूर ऐकायला मिळतं. पुण्यात ताडीवाला रस्त्यावरच्या राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थेत योगवर्गाची फी नाममात्र आहे, शिवाय तिथे वैद्यही भेटतात.

विपश्यनेबद्दल हमखास विचारलं जातं. इगतपुरीच्या धम्मगिरीवरचं दहा दिवसांचं शिबिर, राहणं-जेवण धरून, विनाशुल्क असतं. शिबिर पूर्ण केल्यावर ऐच्छिक दान द्यायचं. पण पहाटे चारला उठायचं, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसायचं आणि संध्याकाळी पूर्ण जेवण नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने आणि मणक्याचं दुखणं असलेल्याने आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोलावं. अर्जात आजार आणि औषधं खरी खरी लिहावीत आणि खुर्ची लागत असेल तर तेही आधीच कळवावं. शिथिलीकरणाची पहिली पायरी म्हणून मी हे शिबिर सुचवणार नाही.

पैसे देऊन शिकायचं झालं तर मोठ्या शहरांत दर साधारण असे दिसतात. वस्तीप्रमाणे ते बरेच वरखाली होतात. सोसायटीतला किंवा जवळच्या हॉलमधला गटवर्ग महिन्याला १,००० ते २,५०० रुपये. घरी येणारे योगशिक्षक एका भेटीचे ५०० ते १,००० घेतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे एका सत्राचे १,००० ते २,५०० आणि आठ आठवड्यांचा ऑनलाइन सजगता अभ्यासक्रम दहा हजारांच्या आगेमागे. जुन्या नामांकित संस्थाही आपल्याकडे आहेत. सांताक्रूझचं 'द योगा इन्स्टिट्यूट' १९१८चं, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४चं. पुण्यातली अय्यंगारांची संस्था १९७५ची; पट्टे, खुर्च्या, लोड-तक्के वापरून दुखऱ्या शरीरालाही आसनात विसावता यावं, ही त्यांच्या पद्धतीची खासियत. निवासी शिबिराचे आकडे मोठे असतात. त्यात राहण्याचा आणि जेवणाचा खर्च किती आणि शिकवण्याचा किती, हे वेगळं विचारून घ्या.

फी किती, यापेक्षा प्रत्यक्ष हजर राहिलेल्या एका तासाला किती पडले, हे मोजा. समजा तिमाही फी ४,५०० आहे आणि आठवड्यातून तीन वर्ग. म्हणजे छत्तीस तास, तासाला १२५ रुपये. स्वस्त वाटतं. पण दीर्घ आजाराच्या माणसाचे तीन महिने असे सरळ जात नाहीत. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेट या गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, एखादा आठवडा सांधे सुजून जातो, दोन दिवस रुग्णालयाच्या रांगेत. पंधराच वर्ग झाले तर तासाला ३०० पडले. बसने जाणं होत नाही म्हणून जाता-येता रिक्षाचे १०० धरा. एकूण ६,०००. याउलट घरी येणाऱ्या शिक्षकाच्या ६०० रुपयांप्रमाणे सुरुवातीला चार भेटी आणि नंतर महिन्यातून एक याप्रमाणे दोन, असे ३,६०० होतात. उरलेले दिवस सराव आपला आपण. घरी शिक्षक बोलावणं ही चैन वाटते खरी, पण ज्याचं बाहेर पडणं बेभरवशाचं आहे त्याला तेच स्वस्त पडतं. घरात एकटं वाटत असेल आणि चार माणसं भेटण्यासाठीच वर्गाला जायचं असेल, तर मात्र तो खर्च जरूर करावा. एकटेपणाही दुखणं वाढवतो.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका. सूट कितीही असो. एका परिचित बाईंनी एका वर्गाची वर्षाची फी भरली, दुसऱ्याच महिन्यात त्यांचा आजार उसळला, आणि पुढचे महिने ना वर्ग झाले ना पैसे परत आले. महिन्याचे किंवा वर्गागणिक पैसे घेणारा शिक्षक शोधा. आजारपणात बुडलेले तास पुढे मिळतील का, ते पावतीवर लिहून मागा. एक तास नुसतं बसून बघू द्या, असंही म्हणा. चांगला शिक्षक त्याला नाही म्हणत नाही.

पहिल्या भेटीत शिक्षकाने तुम्हाला आजार, औषधं आणि शस्त्रक्रिया विचारल्या का, याकडे लक्ष ठेवा. काहीच न विचारता "चला, सुरू करू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारण्यात संकोच नको. आणि "गोळ्या बंद करा" असं कोणी म्हणालं, तर त्याच क्षणी उठावं. औषध कमी करायचं की नाही हे फक्त ते लिहून देणारे डॉक्टर ठरवतात.

काही गोष्टी आजारानुसार सांभाळायच्या. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर श्वास रोखून धरणं, भस्त्रिका, कपालभाती टाळा. फेफरं येत असेल तर जलद श्वसनाचे प्रकार नकोत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर शवासनातून झटक्यात उठू नका, कुशीवर वळा, बसा, मिनिटभर थांबा. मधुमेहींसाठी सर्वात महत्त्वाचं: सराव करताना घाम फुटला, हात थरथरले, तर कोणी "ताण बाहेर पडतोय" म्हणेल. ते ऐकून पडून राहू नका, साखर तपासा. काहींना डोळे मिटून शांत पडल्यावर उलट जास्त घाबरं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून, बसून किंवा सावकाश चालत सराव करावा.

सामानावर खर्च जवळजवळ करूच नका. सतरंजी आणि उशी पुरते. अ‍ॅपचं वर्षाचं सदस्यत्व तर घेऊच नका; 'इनसाइट टायमर'सारख्या अ‍ॅपवर पुष्कळ ऐकणं फुकट आहे. त्याहून चांगला उपाय घरातच असतो. शिक्षकांनी बदलून दिलेला क्रम त्यांची परवानगी घेऊन मुलीला, नातवाला मोबाइलवर सावकाश वाचून ध्वनिमुद्रित करायला सांगा: उजव्या हाताचा अंगठा, बोटं, मनगट, कोपर, खांदा, असं करत डाव्या पावलापर्यंत. दोन अवयवांमध्ये तीन-चार श्वासांची जागा. पंधरा-वीस मिनिटांचं पुरे. रात्री दुखण्याने जाग आली की ओळखीचा आवाज कानाशी असतो.

मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही विमा देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. योगवर्गाची किंवा समुपदेशनाची फी मिळायची तर ओपीडीचं वेगळं कलम लागतं. बिलावर करही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून योगवर्गांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, आणि नोंदणी नसलेल्या लहान शिक्षकाला जीएसटी आकारताच येत नाही.

पैसे अडकलेच तर पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. "फी परत मिळणार नाही" असं छापलं म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. आधी लेखी मागणी करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारशुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. तब्येत बरी नसेल तर घरच्यांना अधिकारपत्र देऊन त्यांच्यामार्फत तक्रार चालवता येते.