आमिश मुलांच्या गोष्टी : शाळेत जाऊ की घरचीच राहू?



अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या राज्यांत आमिश लोक मोठ्या संख्येने राहतात. साधे कपडे, घोडागाडी आणि घरात बाहेरून वीज न घेणं ही त्यांची ओळख. घरी ते जर्मनची एक बोली बोलतात. मुलं साधारण आठवीपर्यंत शिकतात, मग शेतात किंवा घरच्या कामात लागतात. या मुलांवर इंग्रजीत चांगल्या बालकथा आहेत. त्यातल्या दोन बघूया.

१) योनी वंडरनोज (१९४४) – लेखिका मार्गरिट डी एंजेली. योनी सात वर्षांचा, भारी चौकस. जिथे तिथे नाक खुपसणारा, म्हणून हे टोपणनाव. आईवडील बाहेरगावी जातात आणि घरातला पुरुष म्हणून शेताची जबाबदारी त्याच्यावर येते. नेमकी गोठ्यावर वीज पडते आणि हाच खोडकर मुलगा जनावरं वाचवतो. पहिली-दुसरीच्या मुलांना ही गोष्ट सांगायला छान.

२) प्लेन गर्ल (१९५५) – लेखिका व्हर्जिनिया सोरेन्सन. एस्थरला वडील सरकारी शाळेत पाठवायला तयार नाहीत. कारण मोठा भाऊ डॅन शाळेत गेला आणि पुढे घर सोडून गेला. पण कायदा ऐकत नाही. एस्थरला शाळेची भीती वाटते, पण मनातून जायचंही असतं. एका मुलीचे गुलाबी कपडे तिला आवडतात आणि आवडतात म्हणूनच ती घाबरते. पाचवी-सहावीसाठी ही गोष्ट जास्त योग्य.

हा प्रश्न खरा आहे का?

हो. विस्कॉन्सिन राज्यात सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या आमिश पालकांना पाच-पाच डॉलर दंड झाला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर पालकांच्या बाजूने निकाल दिला. पण न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळं मत नोंदवलं, की मुलांना काय वाटतं हेही विचारायला हवं.

मला वाटतं, कोर्टात जे राहून गेलं ते ‘प्लेन गर्ल’ने सतरा वर्षं आधीच केलं होतं. ही गोष्ट एस्थरच्या नजरेतून पुढे जाते. आणि तरीही तिचे वडील दुष्ट वाटत नाहीत. एक मुलगा दुरावलेल्या बापाची ती भीती आहे.

वर्गात कसं घ्यावं?

• गोष्ट सांगताना डॅनपाशी थांबा. “वडील का घाबरले असतील?” असं विचारा.
• दोन गट करा. एक वडिलांची बाजू मांडेल, दुसरा एस्थरची. नंतर बाजू बदला.
• शेवटी प्रत्येकाने एस्थरला चार ओळींचं पत्र लिहावं.

एक काळजी घ्या. “ते लोक मागासलेले” असं वाक्य वर्गात येऊ देऊ नका. या दोन्ही लेखिका स्वतः आमिश नव्हत्या, हेही मुलांना सांगा. बाहेरून पाहणाऱ्याने लिहिलेली गोष्ट कशी वाचायची, हाही एक धडाच आहे.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क दिला. तरी “शिकून पोरगी परकी होईल” ही धास्ती काही घरांत अजून आहे. अशा पालकांशी बोलताना आधी त्यांची धास्ती ऐकून घ्या, नियम नंतर सांगा. आणि मुलीला स्वतःला काय वाटतं, हे विचारायला विसरू नका.