‘ग्राउंड’ आणि ‘पॉवर’: विद्युत् मंडलाच्या प्रतिरूपणातील दोन संज्ञा

विद्युत् मंडल प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी त्याचे वर्तन संगणकावर पडताळून पाहणे, म्हणजेच सिम्युलेशन किंवा प्रतिरूपण, हा आता अभियांत्रिकीच्या अध्यापनाचा नित्याचा भाग आहे. हा विषय मराठीतून शिकविताना खरी अडचण येते ती ‘ग्राउंड’ आणि ‘पॉवर’ या वरवर सोप्या दिसणाऱ्या दोन संज्ञांची.

घरगुती विजेच्या संदर्भात मराठीत ‘अर्थिंग’ हा शब्द रुळला आहे. तेथे जमीन खरोखरच अभिप्रेत असते. दोष उद्भवल्यास प्रवाह तारेवाटे मातीत जावा, हा हेतू असतो. प्रतिरूपणातील ‘ग्राउंड’चा मातीशी संबंध नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या व १९७३ साली विद्वानांपुढे आलेल्या ‘स्पाइस’ या आज्ञावलीत त्या संधीस केवळ ‘०’ असे नाव आहे. तिच्या परंपरेतील आजच्या आज्ञावल्याही हाच संकेत पाळतात. कळसूबाईची १,६४६ मीटर उंची जशी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, तसे प्रत्येक संधीचे विभव या शून्यापासून मोजले जाते.

उदाहरणार्थ, ९ व्होल्टच्या घटमालेस १,००० व २,००० ओहमचे दोन रोधक एकसरीत जोडले आणि घटमालेचे ऋण अग्र शून्य मानले, तर धन अग्राचे विभव ९ व मधल्या संधीचे ६ व्होल्ट येते. तेच चिन्ह मधल्या संधीस लावल्यास धन अग्र ३ व ऋण अग्र उणे ६ व्होल्ट दाखविते. प्रवाह दोन्ही वेळा ३ मिलिअँपियरच राहतो. बदलते ते मापनाचे मूळ. मंडल बदलत नाही.

मग हे चिन्ह अनिवार्य का? संधींवरील प्रवाहांची समीकरणे मांडली असता त्यांतील एक नेहमी उरलेल्या समीकरणांतूनच निघते. म्हणून एका संधीचे विभव आधी ठरविल्यावाचून एकमेव उत्तर मिळत नाही. दोन धारित्रांमधील एकाकी संधीचीही हीच गत होते, कारण तेथून शून्यापर्यंत एकदिश प्रवाहाची वाट नसते. अशा ठिकाणी फार मोठ्या मूल्याचा रोधक शून्याशी जोडण्याची रीत आहे.

‘पॉवर’ या चिन्हाने होणारा भ्रम याहून सूक्ष्म आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘फॉसी’ प्रकल्पाची मुक्त आज्ञावली ‘ई-सिम’ ही ‘कायकॅड’ व ‘एनजीस्पाइस’ यांच्या आधारे उभी आहे. ‘कायकॅड’मधील ‘व्हीसीसी’ हे चिन्ह वीज पुरवीत नाही, ते केवळ नाव देते. त्या नावाची सर्व टोके एकमेकांस जोडलेली मानली जातात, एवढेच. प्रतिरूपणात विभव हवे असेल, तर ते नाव व शून्य यांच्यामध्ये व्होल्टता-स्रोत स्वतंत्रपणे ठेवावा लागतो. तो विसरणाऱ्या विद्यार्थ्याचे रेखाचित्र निर्दोष दिसते, परंतु मंडल निर्जीव राहते.

यास्तव पाठ्यपुस्तकांत ‘भूसंपर्क’ हा शब्द अर्थिंगपुरता राखून प्रतिरूपणातील ग्राउंडला ‘संदर्भसंधी’ म्हणणे, तसेच पॉवरच्या चिन्हास ‘पुरवठानाम’ म्हणून ‘स्रोत’ या संज्ञेपासून ते वेगळे ठेवणे इष्ट ठरेल. इंग्रजी शब्दांनी जो भेद झाकला, तो मराठी परिभाषेला उघड करता येईल. शब्दाला प्रतिशब्द देणे एवढ्यावर परिभाषेचे कार्य संपत नाही. संकल्पनांच्या सीमा स्पष्ट करणे हेही तिचेच कार्य होय.