विषय एक, लिहिणारे सहा

भोजराजाच्या दरबारातली म्हणून एक गोष्ट सांगतात. राजाने कवींपुढे समस्या टाकली. श्लोकाचा शेवटचा चरण दिला, आणि तोही नुसता ‘ठ’कारांचा. त्याला अर्थ काहीच नव्हता. सगळे कवी अडले. कालिदासाने मात्र श्लोक पुरा केला: राजाच्या स्नानाचं पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटली, पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली, आणि तो ‘ठ’कारांचा चरण म्हणजे त्या घागरीचा आवाज! कालिदास आणि भोज यांच्यात काही शतकांचं अंतर आहे, त्यामुळे ही आख्यायिकाच. पण दिलेल्या विषयाला खेळकर उत्तर कसं द्यावं, हे तिच्याइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही. कवीने ओळ टाळली नाही, बदललीही नाही. ती ओळ जिथे अगदी साहजिक वाटेल, असा प्रसंग त्याने शोधला.

हा खेळ चार-सहा मित्रमैत्रिणींना आजही खेळता येतो. एकाने विषय द्यायचा, आठवडाभरात प्रत्येकाने त्यावर छोटंसं काही लिहायचं आणि ठरल्या दिवशी सगळ्यांनी मिळून वाचायचं. लिहायची हौस पुष्कळांना असते. शिक्षण संपलं, संसार सुरू झाला की निमित्त तेवढं उरत नाही. ते निमित्त दर आठवड्याला हातात ठेवणारा हा खेळ कसा मांडायचा, ते क्रमाने पाहू.

1. माणसं थोडी, वार पक्का

पाच ते आठ जण पुरे. त्याहून जास्त झाले की वाचन लांबतं आणि शेवटच्याचं कोणी नीट ऐकत नाही. वार एकदा ठरला की हलवायचा नाही. पुण्यात 1923 मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या नावातच रविवार आहे, कारण माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही कविमंडळी रविवारी जमत. तुम्हीही सोमवारी सकाळी विषय, शनिवारी रात्रीपर्यंत लेखन आणि रविवारी वाचन असा क्रम ठेवा. मंडळी गावोगाव पांगलेली असली तर व्हिडिओ कॉल करा. भारतातली रविवारची संध्याकाळ म्हणजे न्यू जर्सीतल्या मैत्रिणीची सकाळ, त्यामुळे तीही निवांत असते.

शब्दमर्यादा 200 ठेवा. एवढं लेखन रात्री ओटा आवरल्यावरही होतं. आणखी एक नियम आवर्जून पाळा: लिहिलेलं ग्रुपवर टाकायचं नाही, ज्याने विषय दिला त्याच्याकडेच पाठवायचं. आधी आलेला एखादा झकास लेख वाचला की बाकीचे नकळत त्याच वाटेने जातात, नाहीतर बिचकून लिहीतच नाहीत.

2. विषय छोटा, हातात धरता येईल असा

विषय पाळीपाळीने द्यावा. ‘पाऊस’, ‘आई’, ‘मैत्री’ असले विषय दिले की शाळेतला निबंध हमखास उतरतो. त्याऐवजी ‘पाऊस’चं ‘दुसऱ्याची छत्री’ करा. ‘आई’ऐवजी ‘आईचा फोन सकाळपासून लागत नाहीये’ द्या. ‘प्रवास’ नको, ‘एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल’ घ्या. त्या रुमालात गर्दी आहे, हक्क आहे, भांडण आहे, आणि तो कोणाचा हे अजून ठरायचं आहे. चांगल्या विषयात अशी काहीतरी ओढाताण असते आणि शेवट मोकळा असतो. विषयातच सगळी गोष्ट सांगून टाकलीत, तर लिहिणाऱ्याला करायला काय उरलं?

विषयांचे प्रकारही आलटून पालटून द्या. एकदा वस्तू, एकदा कोणाच्या तरी तोंडचं वाक्य, एकदा एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द. ‘कुकर, तलाठी, चंद्रग्रहण’ हे तीन शब्द एका गोष्टीत बसवायला सांगून बघा. सहा जण सहा दिशांना जातात.

3. पहिली कल्पना लिहून बाजूला ठेवा

समजा, विषय आहे ‘परत आलेला डबा’. पहिल्याच क्षणी शेजारधर्म, जिव्हाळा, पूर्वीचे दिवस असं काहीतरी सुचेल. ते सगळ्यांनाच सुचतं. ते वहीत लिहा आणि पुढे प्रश्न विचारत जा. डबा कोणी दिला होता? किती दिवसांनी परत आला? रिकामा आला की भरून? आणायला कोण आलं, आणि जो नेहमी यायचा तो का नाही आला? डब्यावर नाव कोणाचं घातलंय?

शेवटच्या प्रश्नाशी थांबा. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव आणि तारीख घालून घ्यायची पद्धत आहे. परत आलेल्या डब्यावर तिसऱ्याच घरचं नाव निघालं तर? किंवा ज्या बाईंचं नाव आहे त्यांना त्या घरात कोणी ओळखतच नसेल तर? आता गोष्ट हलायला लागली. सहसा तिसरी-चौथी कल्पना अशी अंगावर येते. तिथपर्यंत जाण्यासाठी दहा मिनिटं आणि एक कागद पुरतो.

4. सोंग बदला

तीच गोष्ट वेगळ्या रूपात सांगणं हा खेळकरपणाचा हुकमी मार्ग. फ्रेंच लेखक रेमों क्नो याने 1947 मध्ये एक पुस्तक काढलं. त्यात बसमधला एक किरकोळ प्रसंग त्याने 99 तऱ्हांनी सांगितला आहे. मराठीत तर ‘दिवाकरां’ची नाट्यछटा हाताशी आहे: बोलणारं पात्र एकच, समोरच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, पण कळतं सगळं. डब्याची नाट्यछटा अशी होऊ शकेल:

“या ना, बसा. अहो, डब्याचं काय एवढं, मी तर विसरूनच गेले होते… संक्रांतीपासून होता ना तुमच्याकडे? हो का, गणपतीपासून? बघा, मला मेलीला आठवतसुद्धा नाही!… रिकामा नाही आणलात? अगंबाई, कशाला एवढा त्रास… चकल्या! छान खुसखुशीत दिसताहेत हो… थांबा, थांबा. डबा आमचाच आहे. पण हे झाकण कोणाचं?”

तोच विषय सोसायटीच्या सूचनाफलकावर लावला तर?

“सर्व सभासदांस कळविण्यात येते की, बी विंगच्या जिन्यात कडीचा एक मध्यम स्टीलचा डबा बेवारस आढळला आहे. वॉचमनने प्रथम पाहिले तेव्हा आत चार बेसनलाडू होते. सेक्रेटरी येईपर्यंत तीन होते. ज्यांचा असेल त्यांनी खूण पटवून घेऊन जावा. लाडवांबाबत समिती जबाबदार राहणार नाही.”

दोन्हींत डबा तोच आहे, पण भाषा बदलली आणि माणसंही बदलली. पाककृती, क्रिकेटची कॉमेंट्री, तलाठ्याचा पंचनामा, लग्नपत्रिका, हवामानाचा अंदाज अशा सोंगांची एक यादीच करून ठेवा. सरकारी किंवा व्यावसायिक भाषेचं सोंग घेताना तिचे शब्द नेमके पकडा. ‘कळविण्यात येते’, ‘खूण पटवून’ अशा शब्दांवरच ती गंमत उभी राहते.

5. महिन्यातून एकदा एखादी अट घाला

दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त आपली हकिकत सांगतो ती ओठांना ओठ न लावता. प्रेयसीने चावल्यामुळे ओठ दुखताहेत, म्हणून त्या सबंध भागात ओष्ठ्य अक्षरं येत नाहीत. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने 1969 मध्ये ‘ई’ हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. आपण शंभर शब्दांपुरतं करून बघू. प, फ, ब, भ, म ही अक्षरं बंद:

“काल रात्री दिवे गेले. आजीने कंदील काढला, काच घासली, काडी ओढली. तेवढ्यात खिडकीशी कोणीतरी खाकरलं.”

या अटीत ‘मी’, ‘पण’, ‘मग’, ‘म्हणाला’ सगळंच जातं. त्यामुळे सवयीची वाक्यं अडतात आणि काय घडलं तेच सरळ सांगावं लागतं. अटीचा खरा फायदा हाच. एका वेळी एकच अट ठेवा. अक्षराची, शब्दसंख्येची आणि रूपाची अशा तीन अटी एकदम घातल्या की लेखन राहतं बाजूला आणि नुसती मोजदाद होते.

6. दाद नेमकी द्या

रविवारी लेख नाव न सांगता वाचावेत. विषय देणाऱ्याने वाचायचं आणि कोणाचं असेल ते बाकीच्यांनी ओळखायचं. दुसऱ्याच्या आवाजात आपलं लेखन ऐकलं की कुठे अडखळतंय ते आपलं आपल्यालाच समजतं.

‘छान’, ‘मस्त’, ‘सुंदर’ हे तीन शब्द बंद ठेवा. त्याऐवजी प्रत्येकाने लक्षात राहिलेली एक जागा सांगायची: “चार लाडवांचे तीन झाले, तिथे हसू फुटलं.” अशी दाद मिळाली की लिहिणाऱ्याला आपलं बळ कशात आहे ते उमगतं. सुधारणा मागितली तरच सांगावी. शुद्धलेखनाच्या चुका वाचनाच्या वेळी काढूच नयेत. आणि गंमत करताना कोणाच्या घरातलं दुखणं, पगार, लग्न, मुलं यांना हात लावायचा नाही. इथे माणूस विश्वासाने लिहिता होतो, आणि तो विश्वास एकदा तुटला की खेळ संपतो.

7. सुचत नसेल त्याला सांभाळून घ्या

1816 च्या जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात अडकवलेल्या मित्रमंडळींना इंग्रज कवी बायरनने सुचवलं, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. 18 वर्षांच्या मेरीला सुरुवातीला काही सुचेना. “गोष्ट सुचली का?” असं रोज सकाळी तिला विचारत आणि रोज तिला नाही म्हणावं लागे. 1818 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही तिचीच कादंबरी. खुद्द बायरनने आपली गोष्ट अर्ध्यावर सोडली. तिचा धागा उचलून पॉलिडोरी या त्याच्या डॉक्टरने ‘द व्हँपायर’ लिहिली.

म्हणून उशिरा आलेलं लेखनही घ्या. दंड, हजेरी, नावं ठेवणं नको, पण विचारणं मात्र सोडू नका. काहीच जमलं नाही तर एक ओळ पाठवायची मुभा द्या. दोन आठवडे गप्प असलेल्या माणसाकडे पुढचा विषय द्यायचं काम सोपवा, तो आपोआप खेळात परत येतो. कोणाची अर्धवट गोष्ट पडून राहिली असेल तर लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन तीच दुसऱ्यासाठी विषय करा.

8. वर्षाचा घरचा अंक काढा

प्रत्येक लेख तारीख आणि विषयासह एका फाइलमध्ये ठेवा. हे काम एकाकडेच असू द्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि आपल्याकडे ती प्रथाच पडली. तुमच्या गटानेही दिवाळीला निवडक लेखांचा अंक काढावा, झेरॉक्स करून बांधला तरी चालेल. निवड ज्याची त्याने करावी, आणि गटाबाहेर काहीही देण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावं.

पहिल्या महिन्याचे विषय इथूनच घ्या. पहिला आठवडा: सीटवर टाकलेला रुमाल. दुसरा: “तुमच्या नावाचं पार्सल आलंय,” पण नाव तुमचं नाही. तिसरा: कुकर, तलाठी, चंद्रग्रहण. चौथा: परत आलेला डबा, ओठांना ओठ न लावता. हो, ‘परत’ आणि ‘डबा’ हे दोन्ही शब्द वापरता येणार नाहीत, आणि त्या आठवड्याची खरी मजा तीच आहे. आता चार जणांना फोन करा आणि येत्या सोमवारी पहिला विषय पाठवा.